शेजारच्या भिंतीवरचं लायसन्स

इस्टेट एजंटकडचे प्लॉट एक ना एक दिवस खपतात, किस्से मात्र शिल्लक राहतात. दिंडोरी रोडला एका ओळीत आम्ही सहा जण हा धंदा करायचो, त्यामुळे माझ्याकडचा साठा मोठा आहे. त्यातले निम्मे किस्से लायसन्सचे आणि जवळजवळ सगळे मधूचे. मधू माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचा. त्याच्यावर मी मनापासून जळायचो. आता वय झालं, कबूल करायला काय जातंय!

नव्वदच्या दशकात एजंटांना वेगळं लायसन्स नव्हतं. शॉप अ‍ॅक्टचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावायचा आणि दर डिसेंबरात त्यावर नूतनीकरणाचा शिक्का मारून आणायचा. "नानाचं लायसन्स कधी चुकायचं नाही," असं सगळी ओळ म्हणायची. नाना म्हणजे मी. गिऱ्हाईक मधूला आणि हा मान मला. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

*

एकदा एक रिटायर्ड हेडमास्तर फ्लॅटसाठी आले. बसायच्या आधीच म्हणाले, "लायसन्स दाखवा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं! मी फ्रेम खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी नावापासून शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं.

"उत्तम. पण यात साप्ताहिक सुट्टी सोमवार लिहिलीय. आज सोमवार आहे."

मधू सोमवारीही उघडायचा, म्हणून मीही उघडायचो. पण हे सांगणार कसं?

"म्हणजे कायद्याने तुम्ही आत्ता बंद आहात!" असं म्हणून मास्तर उठले आणि मधूकडे गेले. मधूची सुट्टी कुठल्या वारी, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फ्लॅट मधूनेच दिला.

*

मधू दसऱ्याला लायसन्सच्या फ्रेमला झेंडूचा हार घालायचा आणि सुकला तरी काढायचा नाही. सायखेड्याच्या एका द्राक्ष बागायतदाराला मी दिवसभर उन्हात तीन प्लॉट दाखवले. परत येताना तो पाणी प्यायला मधूकडे शिरला. भिंतीवरची फ्रेम, तिला हार! बिचाऱ्याने चपला काढून हात जोडले.

"कवा गेले वो?"

मधू शांतपणे म्हणाला, "अजून आहेत. डिसेंबरपर्यंत चालू आहेत!"

बागायतदार पोट धरून हसला. "लय मोकळा मानूस हाय," म्हणाला आणि तिथेच बसला. माझे तीन प्लॉट गेले वाऱ्यावर.

पुढच्या दसऱ्याला मीही माझ्या फ्रेमला हार घातला. एक बाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "सुतक दिसतंय तुमच्याकडे. नंतर येते."

*

आमच्यातल्या भामरे आप्पांचं ऑफिस म्हणजे त्यांची स्कूटर. पावसात भिजू नये म्हणून त्यांनी लायसन्स लॅमिनेट करून घेतलं. डिसेंबरात शॉप अ‍ॅक्टच्या ऑफिसातल्या क्लार्कने शिक्का मारला, तर शाई प्लॅस्टिकवरून घसरली.

"आता शिक्का कुठे मारू, तुमच्या कपाळावर?"

आप्पांनी खरंच टोपी काढून डोकं खिडकीत घातलं. "मारा साहेब. फक्त वर्षभर टिकला पाहिजे!"

तेव्हा ठरलं, की पुढे सगळ्यांची लायसन्सं नानाच घेऊन जाणार.

*

मधूने एका दिवाळीला सगळ्यांना शुभेच्छापत्रं पाठवली. जाड पाकिटावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत. माझ्या बायकोने पाकीट चार वेळा उलटसुलट करून पाहिलं.

"मधुभावजींची आवडच वेगळी!"

आतलं कार्ड त्याच दिवशी रद्दीत गेलं. पाकीट मात्र तिने जपून ठेवलं.

*

त्याच डिसेंबरात माझ्या सख्ख्या मेहुण्याने फ्लॅट घेतला. मधूकडून! मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

नूतनीकरणाचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांची लायसन्सं आदल्या दिवशीच माझ्याकडे आली होती. माझंही मी फ्रेममधून काढून, "कशात तरी घालून पिशवीत टाक," असं सांगून बायकोकडे दिलं होतं. सकाळी पिशवी उघडली, तर वरच सोनेरी अक्षरांचं पाकीट. मधूचं! एक वर्ष तरी याचं चुकू दे, म्हणून मी ते न उघडता कपाटात ठेवलं आणि बाकीचा गठ्ठा तसाच खिडकीत दिला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर वाटप केलं. मधूने हात पुढे केला आणि गठ्ठ्यातून त्याचा कागद निघाला. शिक्का ठसठशीत!

घरी पळालो. पाकीट उघडलं. आत माझं लायसन्स. चुरगळू नये म्हणून बायकोने चांगलं जाड पाकीट शोधलं होतं.

जानेवारीत शॉप अ‍ॅक्टचे साहेब तपासणीला आले. माझी फ्रेम रिकामी. मी खणातून ते पाकीट काढलं, तेव्हा मधू माझ्या दारातच उभा होता. त्याने पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचलं. आतून निघालेला बिनशिक्क्याचा कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "नाना आमच्या सगळ्यांची लायसन्सं घेऊन जातो. आमच्या गडबडीत त्याचंच राहिलं. चूक आमची आहे."

साहेबांनी मला आठ दिवसांची मुदत दिली. मधू आपल्या गाळ्यात निघून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी त्याच्या चांगुलपणावरही जळलो.

पुढच्या डिसेंबरात लायसन्स द्यायला पहिला मधूच आला. नुसता कागद हातात.

"पाकिटात घातलं नाही, नाना," तो म्हणाला. "म्हणजे तुला ओळखायला चुकायचं नाही!"