सगळ्या शेजाऱ्यांचा दादा

भारताचं परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी आमचे थोरले साडू पाहिलेले नाहीत. ते हैदराबादच्या कुकटपल्लीत ठरतं. दुसऱ्या मजल्यावर, लुंगी नेसून, एका गालाला साबण लावलेल्या अवस्थेत. दाढी करताना साडूंनी नेपाळला झापलं नाही असा दिवस मला आठवत नाही. दुसऱ्या गालावर वस्तरा येईपर्यंत श्रीलंका वठणीवर आलेली असे आणि तोंड पुसता पुसता मालदीवला शेवटची ताकीद मिळे. भूतानवर मात्र त्यांचा जीव. "गुणी पोर आहे," म्हणायचे, जणू भूतान त्यांच्याच मांडीवर लहानाचा मोठा झाला. एकदा आबिड्सला चपला घ्यायला गेले आणि बांगलादेशाशी नदीचं पाणी कसं वाटून घ्यावं हे दुकानदाराला इतक्या पोटतिडकीनं समजावलं, की त्यानं भांबावून दोन्ही डाव्या चपला बांधून दिल्या. साडूंनी त्या वर्षभर घातल्या. मोठ्या देशानं माघार घ्यायची नसते!

त्यांचं सगळं धोरण एका शब्दात मावायचं. "आपण दादा आहोत. दादानं द्यायचं, धाकट्यांनी ऐकायचं." मराठीत दादा या शब्दाला दोन अर्थ आहेत, असं मी एकदा भीत भीत सुचवलं. तेवढ्यात आतून मेव्हणीबाई म्हणाल्या, "यांच्या बाबतीत दुसराच धरा, भावजी!"

अशात गच्चीवरच्या खोलीत प्रकाश बायकोसह राहायला आला. नेपाळचा, हिमायतनगरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. साडूंना घरबसल्या नेपाळच मिळाला. त्यांनी त्याला गॅस मिळवून दिला, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी पाठवली, बाजारात वांगी कशी निवडावीत हे त्या स्वयंपाक्याला शिकवलं. बदल्यात एकच मागणं, मला दादा म्हण. प्रकाश अदबीनं मान हलवायचा आणि म्हणायचा, "जी, अंकल." हे साडूंना फार लागायचं. वय झालेल्या माणसाला एका हाकेची इतकी आस असू शकते, हे मी तेव्हा पाहिलं.

मग उन्हाळ्यात प्रकाशनं साडूंच्या कूलरला "नक्को" म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा घेतला. साडूंच्या लेखी हा सरळ चीनला जाऊन मिळण्याचा प्रकार. इमारतीच्या पाण्याचा कारभार त्यांच्याकडे. गच्चीवरच्या खोलीचा कॉक बंद झाला. "दुरुस्ती," असं जाहीर करून साडूंनी मला डोळा मारला, "बघा, येतो की नाही बोलणी करायला."

तो आला, रिकामी बादली घेऊन. आवाज न चढवता म्हणाला, "अंकल, हमारे सरहद पे इंडिया से आते सो गैस के ट्रक रुके थे, तब भी कोई नहीं बोला कि हमने रोके. अम्मा कित्ते महीने लकडी पे पकाई. बडा भाई करके छोटे ने बोलना रहता. तुम खुदीच नक्को बोलो."

साडूंनी कॉक सोडला, बादली भरली आणि धापा टाकत स्वतः वर नेऊन दिली. त्यानंतर दोघांत फक्त उकाड्याचं बोलणं व्हायचं. दाढी करताना घरात शुकशुकाट. "नेपाळला काही बोलत नाहीत हो," मेव्हणीबाई काळजीनं म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवावं का?"

दसऱ्याला प्रकाश दारात उभा. हातात ताट, त्यात दह्यात कालवलेले लाल तांदूळ. "हमारे में बडे लोगां टीका लगाते. अम्मा-बाबा उधर हैं," तो म्हणाला. "तुम लगाते क्या, अंकल?" आणि तो वाकला.

हाक अंकलचीच होती. ती साडूंना ऐकू तरी आली की नाही, कोण जाणे. उभ्या शेजाराला रोज सकाळी धडे देणारा हा माणूस बोटं ताटाशी नेऊन थांबला आणि जन्मात कुठल्याही धाकट्याला न विचारलेलं त्याला हळूच विचारू लागला, "तुम्हारे में कैसा लगाते रे? बोल ना."