गादीमागची भिंत

सेलूत कापसाचा हंगाम सुरू झाला की मागच्या गल्लीतल्या माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात. जिनिंगमधून उडालेलं तूस वाळत घातलेल्या लुगड्यावर बसतं, वरणात पडतं, झोपलेल्या माणसाच्या नाकात जातं. गौराबाईंच्या टायपिंग क्लासला तर ते पाचवीलाच पुजलेलं. रोज सकाळी मुली यायच्या आधी त्या जुन्या टूथब्रशनं मशिनींच्या दांड्यांतून तूस काढायच्या आणि काढता काढता जिनिंगवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. बाईंचं तोंड सगळ्या सेलूला माहीत होतं.

क्लास म्हणजे काय, नवऱ्याच्या दुकानामागची एक खोली. पुढं बाजाररस्त्यावर मन्मथअप्पांचं किराणा दुकान, मागं गल्लीकडं बाईंची खोली, आणि मधे दगडमातीची एक जाड भिंत. भिंतीच्या अलीकडं टायपिंगची कटकट, पलीकडं अप्पांची पांढरी गादी. अप्पा त्या भिंतीला पाठ टेकून बसत आणि दिवसभर म्हणत, "कवा थांबायची ही कटकट!" थांबली की मात्र मान वळवून बघत, झालं काय म्हणून.

त्र्याण्णव साल लागलं आणि कटकट खरंच कमी व्हायला लागली. परभणीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. बाईंच्या खोलीतली पोरं एकेक करून सकाळच्या गाडीनं तिकडं जायला लागली. राहिल्या त्या पोरी. त्यांना परभणीला कोण पाठवतो? वालूरच्या किशनरावांची नर्मदा सगळ्यांत चलाख, कीबोर्डाकडं न बघता टाईप करायची. तिनं घरी विषय काढला तर किशनरावांनी एका वाक्यात मिटवला. "सेलूपर्यंत ठीक हाय. बाईच्या नजरंखाली हाईस. परभणी न्हाई."

अप्पांनी तोडगा काढून ठेवलाच होता. "अगं, बंद कर आता. खोलीत सरकीची पेंड ठेवू. लय झालं."

"आणि पोरी?"

"पोरींची लग्नं व्हतील."

बाईंच्या डोक्याची शीर तडकली. "मी कॉम्प्युटर आणते," त्या म्हणाल्या. "इथंच. ह्याच खोलीत."

अप्पा हसले. पण बायकोचं तोंड बघून हसू आवरलं आणि म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघतो. चालला तर चालला, न्हाई तर पेंड."

दुसऱ्याच दिवशी बाई परभणीला दत्तरावांच्या दुकानात. दत्तराव हैदराबादहून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देत. माणूस सरळ, पण भारी भित्रा. सेलू म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. "जिनिंगच्या मागं? बाई, ह्याला धूळ सहन व्हत न्हाई, तुमी तर कापूस खाऊ घालायलात! घ्यायचंच असलं तर हे मोठं कॅबिनेट घ्या. आत मोकळी जागा हाय, हवा खेळती ऱ्हाती."

मोठं कॅबिनेट पेटीएवढं होतं. बाईंनी पिशवीतून गाठी मारलेली सुतळी काढली. दुकानाकडच्या जाड भिंतीत, ती बांधतानाच ठेवलेलं एक कपाट होतं, काचेच्या दाराचं. कॉम्प्युटर त्यात कुलपात राहील, तुसापासूनही वाचेल, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. सुतळी त्या कपाटाच्या मापाची होती. मोठ्या कॅबिनेटला लावली, तर गाठ अर्ध्यातच राहिली. शेजारी एक बुटकं कॅबिनेट पडलं होतं. त्याला लावली, बरोबर बसली.

"हे द्या."

"अवो, ही डबी हाय! हिच्यात घालून वर कपाटात कोंडणार? भट्टी व्हईल!"

"मग पंखा चांगला द्या."

दत्तरावांनी चिपवर बसवायचे दोन पंखे पुढं ठेवले. एक चपटा, आवाजाला कर्कश. दुसऱ्याखाली ॲल्युमिनियमच्या उंच पात्या, पंखाही दांडगा. "हा चांगला. पण ह्या डबीचं झाकण लागायचं न्हाई."

"लावून दाखवा."

"बाई, मी सांगायलो ना..."

"लावून दाखवा म्हणते मी!"

दत्तरावांनी घाम पुसत पंखा बसवला, झाकण सरकवलं. लागलं! पंखा आणि झाकण यांच्यात नखभर जागा उरली. बाईंनी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि डबी बांधायला सांगितली. "गॅरंटी न्हाई देणार मी," दत्तराव पुटपुटले. "मागितली कुणी?" बाई म्हणाल्या.

दिवाळीच्या पाडव्याला पूजा झाली. कॅबिनेटला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. किशनराव मुद्दाम वालूरहून आले होते. गल्लीत तूस उडत होतं म्हणून बाईंनी कपाटाची काचेची दारं घट्ट लावली, आणि बाहेर टेबलावरच्या पडद्यासमोर नर्मदाला बसवलं. पोरीनं बापाचं नाव टाईप केलं. पडद्यावर नाव उमटलं तशी किशनरावांची मान ताठ झाली. तिनं गावाचं नाव घातलं. मग तालुक्याचं घालायला गेली आणि पडदा जागच्या जागी गोठला. बाईंनी एकेक करून सगळी बटणं दाबली, पडदा हलेना. कपाट उघडलं तर आतून तव्यासारखी धग आली.

किशनराव उठले, टोपी नीट केली. "बाई, तुमी मेहनत करायलात, दिसतंय मला. पण संक्रांतीला येतो. चालत असलं तर पोर ऱ्हाईल, न्हाई तर तिला घरी घेऊन जातो. स्थळं यायल्यात."

पडद्यावर अजून बापाचं नाव होतं, नर्मदा तिकडं बघत बसली. बाईंना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्यांनी कुणाला शिवीसुद्धा दिली नाही.

मग दारं उघडी ठेवून पाहिलं. कॉम्प्युटर चालला, पण चार दिवसांत पंखा घरघरायला लागला. झाकण काढलं, तर पात्यांत तुसाचा बोळा, हातानं पिंजल्यासारखा. साफ केला, पुन्हा बसला. शेवटी बाईंनी एसटीडी बूथवरून दत्तरावांना फोन लावला. "मी म्हणलो न्हवतो?" तिकडून आलंच. "म्हणाला होता. आता पुढचं बोला." दत्तराव म्हणाले, "पुढून हवा घेतो, मागून गरम हवा सोडतो. तुमी पुढून गाळून द्या, तलम कपड्यातून. पण मागून वाट पायजेच पायजे. काय हाय मागं?"

"भिंत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता ही भिंत म्हणजे साधी नव्हती. अप्पांच्या आज्यानं घालून दिलेली रीत होती: गादीमागच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. ती उघडी पडली की दुकानातली लक्ष्मी पाठीमागून निघून जाते. बसवेश्वरांची तसबीरही म्हणून बाजूच्या भिंतीवर होती. रात्री जेवताना बाईंनी विषय काढला, तर अप्पांचा घास हातातच राहिला.

"डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? किल्लारीकडं भूकंपात भिंती पडून माणसं गेली, अजून त्यांचं सुतक फिटलं न्हाई, आन् तू चांगली भिंत फोडायलीस?"

"आख्खी न्हाई फोडायले. ताटलीएवढं भोक पायजे."

"गादीमागं? आज्याच्या गादीमागं? लक्ष्मी जाईल!"

"लक्ष्मी भिंतीतून जाईल म्हणून तुमी घाबरायलात," बाई ताडकन म्हणाल्या, "आवो, माझ्या पोरी समोरच्या दारातून जायल्यात, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कुणी भिंत राखली का?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, याचाच त्यांना जास्त राग आला.

अप्पांनी ताटात हात धुतले आणि उठून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात अप्पा गादीवर असताना, बाईंनी पदर खोचला आणि पहार उचलली. चोरून करायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. टायपिंग करणाऱ्या मुली हात आखडून बघत राहिल्या. "थांबलात कशाला गं? चालू द्या!" म्हणून बाईंनी कपाटाच्या मागच्या अंगाला पहिला घाव घातला.

एकेक घाव अप्पांच्या पाठीत बसत असणार. पलीकडून आवाज नाही. माती ढासळत होती, बाईंच्या केसांत, डोळ्यांत जात होती, आणि प्रत्येक घावागणिक त्यांना वाटत होतं, आता हे उठतील, आता येऊन हात धरतील. धरले तर काय करायचं, ते मात्र त्यांनी ठरवलं नव्हतं. मधेच पहार एका दगडावर आदळून झिणझिणली. पुन्हा मारली, पुन्हा तोच दगड. हाताला फोड आले. बाई कपाळ भिंतीला टेकून धापा टाकत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अप्पांचा आवाज आला, अगदी जवळून. "अगं, डावीकडं घे जरा. तिथं निस्ती माती हाय."

बाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पहार डावीकडं घेतली.

संध्याकाळपर्यंत भोक पडलं. कपाटाच्या दारांच्या काचा काढून बाईंनी चौकटीवर मलमल ताणली, जुन्या धोतराची. ते धोतर आपलंच, हे अप्पांनी बघताच ओळखलं. डबी भोकाला पाठ लावून बसवली. रोज सकाळी मलमल झटकायची, आठवड्याला धुवायची, हे काम नर्मदानं आपणहून घेतलं. संक्रांतीला किशनराव आले, तिळगूळ घेतला आणि पोरीला टाईप करताना बघत दुपारपर्यंत बसून राहिले. कॉम्प्युटर थांबला नाही, तेही थांबवा म्हणाले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "एसटीच्या पासचं बघतो."

थंडीत अप्पांची चंगळच झाली. भोकातून येणारी ऊब बरोबर पाठीवर. गिऱ्हाइकांना सांगायचे, "बायकोनं शेगडी लावून दिलीय." पण मग मे महिना आला. सेलूचा मे, पत्र्यावर पापड भाजून निघावेत असा. बाईंनी किती वेळा म्हटलं, गादी तरी सरकवा. अप्पा ऐकायचे नाहीत. गादी आज्याच्या जागेवर होती, आणि ते गादीवर.

एका दुपारी बाई नर्मदाच्या मागं उभ्या होत्या. भोकामुळं दुकानातलं बोलणं आता सगळं ऐकू यायचं. पोरीला न्यायला आलेले किशनराव पलीकडं वैतागून बोलत होते. "अप्पा, काय ही धग! घामानं सदरा चिकटलाय तुमचा. बोळा कोंबा की त्या भोकात."

"कोंबतो की," अप्पा शांतपणे म्हणाले. "पण मग आत तुमची नर्मदा बंद पडंल."

नर्मदाची बोटं थांबली. मग गादीवर कुणीतरी टेकल्याचा आवाज आला आणि किशनराव म्हणाले, "सरका थोडं, अप्पा. मी बी बसतो इथंच."

नर्मदा मान वळवून बाईंकडं बघत होती, डोळे भरलेले. "बघतीस काय माझ्या तोंडाकडं?" बाई तिच्यावर खेकसल्या. "टाईप कर! बाप तापायलाय तिकडं."