दारावरचा बिभीषण

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांब ओसरी आहे. पांढरे खांब, हिरवं बंद दार, दाराशेजारी स्टूल आणि स्टुलावर एक लाकडी पेटी. उजवीकडे हिरवळीवर टेबलं मांडली आहेत. नटूनथटून आलेल्या बायका, पळणारी पोरं, तळणाऱ्या वड्यांचा वास. आणि दारापुढे पांढऱ्या कोटातला, हातात उघडी तलवार धरलेला साठीचा माणूस. तो बिभीषण.

भिंगार कॅम्पातलं हे लॉज म्हणजे मुक्कामाचं हॉटेल नव्हे. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी कधीकाळी सुरू केलेलं हे बंधुमंडळ. आता त्यात नगरचे वकील, डॉक्टर, व्यापारी आहेत. ते एकमेकांना बंधू म्हणतात, महिन्यातून एकदा दार लावून सभा घेतात आणि आतलं बाहेर सांगत नाहीत. वर्षभर गरिबांसाठी डोळ्यांची शिबिरं भरवतात. वर्षातून एकदा सभेनंतर सगळ्या कुटुंबांचं चहापान असतं, आणि त्यात दोन पदं म्हणायला मला बोलावतात. रंगभूमी सोडून मला वीस वर्षं झाली. आवाज कधीच फाटला. पण ते अजून माझ्यासाठी हार आणतात, आणि मीही अजून गजरा माळून जाते.

माझे गुडघे हिरवळीवर चालत नाहीत, म्हणून बिभीषण मला ओसरीवर खुर्ची देतो. तो मूळचा काष्टीचा. एकतीस वर्षं हे दार राखत होता. नियम त्याला पाठ होते. आत जाणाऱ्याचा मोबाईल पेटीत ठेवायचा आणि मग पेटीला हात लावायचा नाही. नव्या बंधूची शपथ चालू असताना दार उघडायचं नाही. उघडलं, तर त्या दिवसापासून दारवान बदलला.

"बाई, तुमच्या नाटकातली तलवार लाकडाची. आमची लोखंडाची हाय," तो मला दर वर्षी ऐकवायचा.

"धार आहे का रे?"

"काकडी बी कापायची न्हाई. पन ते लोकांना कुठं म्हाईत हाय?"

"आणि आत काय आहे?"

"मरताना सांगीन."

लोकांना काय माहीत होतं, ते त्यानंच सांगितलेलं होतं. आवारातल्या चिंचा पाडायला पोरं यायची, म्हणून फार पूर्वी त्यानं पुडी सोडून दिली की आत माणसाची कवटी आहे आणि शपथ मोडणाऱ्याचं मुंडकं याच तलवारीनं उडवतात. पोरांनी यायचं सोडलं, गोष्ट मात्र गावोगाव गेली. नगरमध्ये कुठल्याही रिक्षावाल्याला भुताचा बंगला म्हणा, तो इथेच आणून सोडतो.

गेल्या ऑक्टोबरातला तो रविवार. साडेचार वाजले होते, आत शपथ नुकतीच सुरू झाली होती. फाटकाबाहेर एक धोतरातला माणूस उभा होता. एक पाऊल पुढे टाकायचा, पुन्हा मागे जायचा. बिभीषणनं माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि तलवार उंच धरून दोनदा फिरवली. माणूस दचकून भिंतीआड झाला. मी हसले. ते हसू मला आजही टोचतं.

थोड्या वेळानं पेटीत एक फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

"डॉक्टर राधाकृष्णांचा हाय. त्यांचं घंटीचं गानं मी वळखतो," बिभीषण म्हणाला.

"मग घे ना."

"पेटीला हात लावायचा न्हाई."

पाचव्यांदा वाजला तेव्हा त्यानं सहज फाटकाकडे पाहिलं. धोतरातला माणूस भिंतीआडून बाहेर आला होता आणि त्याच्या कानाशी मोबाईल होता. त्यानं हात खाली घेतला. पेटीतला फोन थांबला. त्यानं पुन्हा कानाला लावला. पेटी वाजू लागली.

तलवार तशीच हातात घेऊन बिभीषण धावला. मग काय वाटलं कोण जाणे, वाटेतच तिला जास्वंदीच्या झुडपावर टाकून पुढे गेला.

फाटकापाशी टेम्पो होता. मीही खुर्ची सोडून, गुडघे ओढत तिथवर गेले. आत पोत्यावर एक बाई कपाळ धरून पडली होती. ओकून ओकून तिच्यात काही उरलं नव्हतं. ती झुंबरबाई, आणि तो तिचा नवरा आसाराम. पाथर्डीकडचं ऊसतोडीचं जोडपं. तिचा एक डोळा उसाचं पातं लागून कधीचाच गेलेला. उरलेल्याचं ऑपरेशन आदल्या दिवशी, याच लॉजच्या शिबिरात, डॉक्टर राधाकृष्णांच्या दवाखान्यात झालेलं. सकाळी घरी सोडलं, आणि वाटेत करंजी गावाच्या पुढं दुखायला लागलं. दवाखाना रविवारचा बंद. तिथल्या वॉचमननं डॉक्टरांचा नंबर आणि इकडचा पत्ता दिला.

"कवाधरनं उभा हाय?" बिभीषणनं विचारलं.

"अर्धा तास झाला आसंल."

"मग आत का न्हाई आलास, माझ्या बाबा?"

आसाराम पाय बघत म्हणाला, "आत मानसं कापत्यात म्हनं. कवटी हाय. तुमी तलवार बी दावली."

"कोन म्हनलं तुला?"

"समदेच म्हनत्यात."

बिभीषणनं झुंबरबाईला उचललं. ती पुटपुटली, "दादा, येवडाच हाय वो मला." एवढाच, म्हणजे डोळा.

ओसरीवर तिला माझ्या खुर्चीत बसवलं. मी तिचं डोकं पोटाशी धरलं. बिभीषणनं दार ठोठावलं. आतून एकच ठोका आला. थांबा, असा त्याचा अर्थ. त्यानं पुन्हा ठोठावलं. पुन्हा एकच ठोका. हिरवळीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी आयुष्यभर विंगेत उभी राहून प्रवेशाची वाट पाहिली, पण तेवढा लांब क्षण मला आठवत नाही.

त्यानं कोटाची बटणं काढली. कोट घडी करून पेटीवर ठेवला. मग दोन्ही हातांनी दार ढकललं.

"डॉक्टरसायेब, तुमच्या पेशंटचा डोळा चाललाय. उठा."

दाराच्या फटीतून मला एवढंच दिसलं की कुणी नवा माणूस डोळ्यांवर पट्टी बांधून उभा आहे आणि डॉक्टर राधाकृष्ण त्याला ओलांडून धावत येताहेत. दोन मिनिटांत झुंबरबाई त्यांच्या गाडीत होती. डोळ्याच्या आतला दाब भयंकर वाढला होता. रात्री डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, "अजून दोन तास गेले असते तर नजर गेली असती. आता दिसेल."

लॉजचे प्रमुख सुनील वकील बाहेर आले तेव्हा बिभीषण जास्वंदीतून तलवार सोडवत होता.

"बिभीषण, शपथ चालू होती."

"व्हय सायेब. म्हनून कोट काढला आदी." त्यानं तलवार त्यांच्या हातात दिली.

वकीलसाहेबांनी ती घेतली. त्या दिवशी माझी पदं झाली नाहीत. कुणी मागितलीही नाहीत.

नियम त्यांनी मोडला नाही. दारावर आता दुसरा माणूस असतो. बिभीषणला शिबिराच्या दिवशी फाटकावर बसवतात, येणाऱ्यांना आत आणायला. पंधरा दिवसांनी ओसरीवर तपासणीचं शिबिर होतं, माझेही डोळे दाखवायचे होते, म्हणून मी तिथे होते. झुंबरबाई काळा चष्मा लावून सरळ फाटकातून आत आली. आसाराम मात्र फाटकाशीच अडला. बंद हिरव्या दाराकडे पाहत राहिला.

बिभीषण स्टुलावरून उठला. त्यानं आसारामचा हात धरला, आणि अकरा वर्षं मी विचारत होते ते त्यानं त्याला सांगून टाकलं.

"आत खुर्च्या हायेत, आसाराम. लाकडाच्या. लई टोचत्यात. दुसरं काय बी न्हाई. ये."