असं जावा, असं वळा

सोलापुरात कुणाला पत्ता विचारू नये. माहीत नसलं तरी सांगतात, आणि सांगताना डावं-उजवं हे शब्द तोंडातून काढत नाहीत. "असं सरळ जावा, मग असं वळा, तितनं परत असं." त्यातलं 'असं' म्हणजे कसं, ते हातात असतं. विचारणारा समोर नसून फोनवर असला तरी हेच. फोनला हात करून दाखवतात. एकवीस वर्षं मी या गावात इंग्रजी बोलायला शिकवतोय आणि एकवीस वर्षं माझं मत एकच आहे, की ज्याला आपल्या भाषेत डावं-उजवं सांगता येत नाही त्याला दुसऱ्याच्या भाषेत काय डोंबल सांगता येणार. वर्गात पहिल्याच दिवशी मी हे सांगून टाकतो. काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. गर्दी कमी होते.

गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक टॉवेलवाला कारखानदार माझ्याकडे आला. घरात कानडी, धंद्यात मराठी, आणि इंग्रजी फक्त गाडीच्या मागच्या काचेवर. त्यानं चीनहून सहा नवे माग मागवले होते. ते बसवायला तिकडचा एक तंत्रज्ञ दीड महिना राहणार होता. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, कारखान्यातल्या माणसांना तेवढंही नाही.

"दोन्हीकडच्यांना शिकवा सर," मालक म्हणाला. "दिशेचं तेवढं शिकवा. वर घे, खाली घे, म्होरं घे, मागं घे. बाकी त्यांनी काय गप्पा मारायच्या न्हाईत."

मी म्हटलं, हल्ली फोन भाषांतर करून देतो की.

"मागाच्या खडखडाटात फोनला काय ऐकू येतंय? आन् हातात फोन धरला तर सूत कोण धरंल?"

आयुष्यात एवढं एक वाक्य तो शहाण्यासारखं बोलला असेल. खरी गोष्ट पुढं होती. सहा मागांवर मुख्य माणूस एकच लागणार होता आणि इच्छुक होते दोन. त्यातल्या एकाला दुखवायचं धाडस मालकात नव्हतं. म्हणून तीन आठवड्यांनी मी परीक्षा घ्यायची, कोणाला सूचना समजतात ते माझ्या लेटरहेडवर लिहून द्यायचं, आणि मालकानं तो कागद दाखवून हात झटकायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला चांगली ओळखीची आहे. तरी मी हो म्हटलं. चिनी माणसाला इंग्रजी शिकवायला सोलापुरात बोलावलं जाणारा मी पहिलाच असेन, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, चढलं.

इच्छुकांपैकी एक आयटीआय झालेला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक वाक्याला 'येस सर'. दुसरा छप्पन्न वर्षांचा विणकर. गावाच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा. बत्तीस वर्षं त्याच कारखान्यात जुन्या मागांवर होता. ते जुने माग आता भंगारात जाणार होते. म्हणजे नव्या मागावर घेतलं नाही तर त्याच्या हाताखाली मागच राहणार नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

वर्ग भरायचा कारखान्याच्या ऑफिसात. चिनी साहेब पंचेचाळिशीचा, काटकुळा माणूस. बाहेर डांबर वितळतंय आणि हा बाटलीतून गरम पाणी पितोय. मी वीस शब्दप्रयोगांची यादी केली होती. गो अहेड, बॅक ऑफ, स्लो डाउन, स्पीड अप, लाइन अप, असे. दुसऱ्या कुणाला इतकी नेटकी यादी जमली नसती, हे मी तेव्हाही मनात म्हणत होतो.

चिनी साहेबाला प्रश्न पडायचे. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, तर त्यात 'वर' कशाला? सोडलं की वस्तू खाली पडते. मी सांगितलं, भाषेला कारण विचारू नये, पाठ करावं. मग त्यानं फळ्यावर येऊन दाखवलं की त्याच्या भाषेत गेलेला महिना म्हणजे 'वरचा' महिना, येणारा तो 'खालचा'. होकायंत्रसुद्धा त्यांच्याकडं दक्षिण दाखवतं म्हणे. मी मनात म्हटलं, दाखवत असेल बाबा, तुमचं सगळंच उफराटं. त्याला समजेल असं तोंडभर हसलो आणि पुढचा शब्द घेतला.

तर मामा मागून म्हणतो, "बरोबर हाय की सर ते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं की मागचा महिना वरच जातो की."

चिनी साहेबाला हे लगेच कळलं, कारण मामानं बोलता बोलता हातानं पान उलटून दाखवलं होतं. दोघं हसले. माझ्या वर्गात माझ्याशिवाय झालेला हा पहिला विनोद. मला तो अजिबात आवडला नाही.

मामाचं इंग्रजी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 'स्लो' म्हणेपर्यंत 'डाउन' विसरायचा. वही मात्र रोज आणायचा, शब्द मराठी अक्षरांत लिहून, खाली रेघ मारून. रेघा सरळ होत्या. आयटीआयवाला सगळं घडाघडा म्हणायचा आणि वर मला विचारायचा, "अजून काही आहे का सर?" असा विद्यार्थी मास्तरला आवडतो. आम्ही मास्तर लोक फार स्वस्तात विकले जातो.

दुसऱ्या आठवड्यात मी एकदा सहज शेडमध्ये डोकावलो. जुने माग अजून चालू होते. तिथला आवाज कानात नाही, दातांत जातो. एका टोकाला पहिला नवा माग बसवणं चाललं होतं. चिनी साहेब मागाच्या एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला, मधे सात-आठ हात अंतर. कोणी तोंड उघडत नव्हतं. चिनी साहेबानं तळवा जरासा खाली दाबला, मामानं पलीकडं काहीतरी सैल केलं. दोन बोटं एकमेकांवर घासली, मामा वाकून तुटलेलं सूत शोधू लागला. मग मामानं मूठ छातीकडं ओढली, आणि या खेपेला चिनी साहेबानं त्याचं ऐकून काहीतरी मागं घेतलं. नंतर शेडमधल्या एका बाईला विचारलं तेव्हा कळलं, मागावरची माणसं जन्मभर अशीच बोलतात. आवाजात दुसरं काय करणार. आणि चीनमधल्या मागांनाही आवाज असतोच. चिनी साहेबही वीस-पंचवीस वर्षं असाच बोलत आला होता. खुणा सगळ्या एक नव्हत्या, पण दोन दिवसांत दोघांनी जुळवून घेतल्या होत्या.

कुणालाही आनंद झाला असता. मला राग आला. माझ्या वीस शब्दांवाचून यांचं अडत नव्हतं. मी तिथं उभा आहे हे दोघांनी पाहिलंसुद्धा नाही. मी तसाच मागं फिरलो, आणि शिपायानं आणलेला चहा न घेता घरी गेलो.

परीक्षेत आयटीआयवाल्याला वीसपैकी एकोणीस मिळाले, मामाला चार. मी लेटरहेडवर लिहिलं, 'यांना इंग्रजीतून दिलेल्या सूचना समजत नाहीत.' खाली सही, शिक्का. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेडमध्ये पाहिलेलं मी लिहिलं नाही, कारण ते मला कुणी विचारलं नव्हतं. ही पळवाट मी तेव्हाच तयार ठेवली होती, आता सुचलेली नाही.

मालकानं तो कागद मामाला दाखवून फाइलला लावला आणि त्याला पॅकिंगला टाकलं, टॉवेलच्या घड्या घालायला. मामा दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही.

माग सुरू करायच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. मलाही बोलावलं होतं, आणि मी गेलो. थोड्या वेळानं टॉवेलची एक कड ओढली जाऊ लागली. चिनी साहेबानं तळवा दाबून खूण केली. आयटीआयवाला त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग चिनी साहेब ओरडला, माझ्याच यादीतला शब्द, अगदी बरोबर उच्चारून. त्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? आयटीआयवाला मान हलवून म्हणाला, "येस सर." माग थांबवावा लागला.

चिनी साहेब माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तो कुठं आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "त्याच्याशिवाय मी पुढं जाऊ शकत नाही." वाक्य निर्दोष होतं.

मालक मधे पडला. "त्यो नापास झाला. सरांनीच लिवून दिलंय. ह्यो शिकंल की चार दिवसांत." आणि तो शिकलाही. खोटं कशाला सांगू, दहा-बारा दिवसांत सहाच्या सहा माग धडधड चालू झाले. मामावाचून जग थांबलं वगैरे नाही.

पण त्या संध्याकाळी चिनी साहेब मला म्हणाला, माझ्याबरोबर त्याच्या घरी चला. आणि माझ्या लक्षात आलं, की मला त्याचं घर माहीत नाही. तीन आठवडे त्याला दिशा शिकवल्या, पण मामा, तुम्ही राहता कुठं, एवढं कधी विचारलं नव्हतं. पूर्व भागात मी जन्मात चार वेळा गेलो असेन, तेही कुणाच्या तरी लग्नाला. चिनी साहेब दोनदा तिथं जेवला होता. शेंगाचटणी आणि कडक भाकरी, हे त्यानं हातानं भाकरी मोडून सांगितलं. रिक्षावाल्यालाही वाट त्यानंच हातानं दाखवली. उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी तो थोडा घोटाळला. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं त्याला ओळखलं आणि हात केला. असं, मग असं. तो पुढं निघाला आणि गावचा मी त्याच्या मागं.

मामा दारातच होता. बायको आत सुपात विड्या वळत बसली होती. चिनी साहेबानं त्याचे दोन्ही हात धरले. मी काय बोलावं ते जुळवत होतो. नियम, पेपर, नाइलाज असं काहीतरी.

मामाच आधी बोलला. मान खाली घालून म्हणाला, "सर, माफ करा. तुमी एवढं शिकिवलं आन् मी तुमचं नाव घालवलं."

त्याच्या बायकोनं चहा दिला, तो मी प्यालो.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडं जाऊन म्हटलं, तो कागद परत द्या, मी दुसरा लिहून देतो. मालकानं फाइलवर हात ठेवला. "आता कशाला सर? तुमीच पक्कं लिवलंय की." पंधरवड्यानं चिनी साहेब त्याच्या देशी गेला. मामा पॅकिंगला रुजू झाला. घर चालवायचं तर दुसरं काय.

आणि जूनपासून तो माझ्या वर्गाला येऊ लागला. सकाळी साडेसातला, कामावर जायच्या आधी, तीच वही घेऊन, शेवटच्या बाकावर. मी सांगून पाहिलं, मामा, आता याचा उपयोग नाही. तो म्हणाला, "नापासाचा डाग तेवढा काढतो की सर." पोरंसोरं हसायची. एकदा मी वर्गावर असा खेकसलो, की मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं या गावाला हसण्याचं काम माझंच होतं.

दिवाळीनंतर मी त्याचा तोच पेपर घेतला. वीसपैकी अठरा. खरे अठरा, दयेचा एकही नाही. त्यानं विचारलं, पहिल्यासारखा कागद मिळंल का, शिक्क्याचा, मालकाला दाखवायला. मी लिहून दिला. टॉवेलसारखी कडेला कड जुळवून त्यानं त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो हजर. मी विचारलं, मालक काय म्हणाले?

"चांगलं म्हणाले की," मामा बाकावर बसत म्हणाला. "म्हणले, शाब्बास. पर चिनी साहेब तर गेला, आता इंग्रजी कुणासंगं बोलणार?" हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यानं वही उघडली, कोऱ्या पानावर पट्टीनं रेघ मारली आणि माझ्याकडं बघितलं. "फुडलं सांगा सर."