येसराच्या गुठळ्या

उदगीरहून सिकंदराबादच्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, खिडकीतून एक डबा आत दिला. डब्यात येसर होतं. धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ. आमच्याकडे सणाच्या आमटीला त्याशिवाय दाटपणा येत नाही. गाडी हलली तरी ते सोबत चालत सांगत होते, "आधी गार पाण्यात कालव, मग उकळीत सोड. थेट टाकलास की गुठळ्या धरल्याच म्हण."

मी मान हलवली. लक्ष सगळं पुढच्या शहराकडे होतं.

अण्णा आचारी होते. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी अण्णांची तारीख विचारून जात. दुसऱ्यांच्या मांडवात त्यांनी ढवळलेल्या आमटीवर मी शिकलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे सिकंदराबादेत तारनाक्याला राहून एम.एस्सी. केलं, नोकरी लागली. त्यांचे कष्ट आपण विसरलो नाही, असं मला मनापासून वाटायचं.

माझं लग्न इथल्याच एका जुन्या मराठी घरात ठरलं. सासरे वकील. "वडील काय करतात?" त्यांनी विचारलं आणि मी "शेती" म्हणालो. दोन एकर होती खरी. लग्नाच्या दिवशी सुलतान बाजारातून घेतलेला नवा कडक शर्ट घालून अण्णा सारखे भटारखान्याकडे वळत होते. मी त्यांचा दंड धरला. "अण्णा, आज तिकडं नका जाऊ. पाहुण्यासारखं बसा." ते बसले. जेवताना आमटीचा एक घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली.

यंदा दसऱ्याला ते आमच्याकडे आले, येताना येसराचा डबा घेऊन. बायकोनं पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी, म्हणजे कट, बाजूला काढला. आमटी मी करतो म्हणालो. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. मी येसर थेट उकळत्या कटात ओतलं. त्यांचा हात पुढे झाला आणि तसाच मागं गेला.

पानावर बसल्यावर माझी नऊ वर्षांची लेक ओरडली, "बाबा, ही आमटी आहे की गोट्या? मेरेकु नक्को!" मग आजोबांकडे वळून, "आजोबा, तुम्हाला येते का हो आमटी करायला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या गावाला एका वेळी जेवू घातलेला माणूस.

"नाही गं बाई," ते म्हणाले. "मला कुठली येतीय!" आणि एक गुठळी बोटांनी फोडून भातात कालवत मला म्हणाले, "चांगली झालीय. वाढ अजून."

आईच्या आमटीलासुद्धा त्यांनी उभ्या जन्मात चांगली म्हटलं नव्हतं. मी आणखी एक पळी वाढली.

गाव सोडलेल्या आमच्यासारख्यांना वाटतं, घर मागं राहिलं. माझं घर त्या दिवशी समोर बसून गुठळ्या खात होतं, आणि मी त्याला पाहुणाच राहू दिलं.

अण्णा अजून आठवडाभर आहेत. हे लेकीसाठी लिहिलंय, पण तिला मराठी धड वाचता येत नाही. मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, अण्णांच्या समोर.