सोळा मीटरवरचा शेंडा

हंबीरराव शिर्के यांच्याविषयी लिहिताना कारखान्याच्या दप्तराचा उपयोग होत नाही. ते जिथे काम करत ती नंदेसरीतली शेड दोनदा विकली गेली आणि कागद रद्दीत गेले. आज हाती आहेत त्यांच्या खिशातल्या डायऱ्या, पत्नी विजयमालाबाईंच्या आठवणी आणि नयना देवधर यांनी जपलेले एक तपासणी-रजिस्टर. हे तीन आधार एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत.

हंबीररावांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. हंबीरराव स्वतः शेडमध्ये पत्रे आखत. रसायनांच्या टाकीला तळाशी निमुळता भाग लागतो, म्हणजे शेंडा छाटलेला शंकू. वाकवण्यापूर्वी तो सपाट पत्र्यावर उलगडून कमानीसारखा आखावा लागतो. या कमानीचे केंद्र म्हणजे तो छाटलेला शेंडा, जो प्रत्यक्षात कधी नसतोच. शंकू जितका कमी निमुळता, तितका शेंडा दूर. तो पुष्कळदा शेडच्या फाटकाबाहेर, गल्लीत पडे. हंबीरराव तिथे खुंटी ठोकत, पोलादी तार ताणत आणि कमान पुरी होईपर्यंत टेम्पो अडवून धरत. आखणी संपली की पत्र्याच्या कोपऱ्यात खूण पाडायच्या स्वतःच्या पंचाने तीन ठिपके मारत. ज्याचे ठिपके, त्याचा पत्रा, असा त्या शेडचा रिवाज होता. सव्वीस वर्षे तिथे दुसऱ्या कोणाचे ठिपके पडले नव्हते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये नयना कामावर आली. वडील रेल्वेत, स्वतः डिप्लोमा झालेली. ती कॅल्क्युलेटरवर आकडे काढी, पत्र्यावरच एक सरळ रेघ मारून तिच्यापासून बिंदू मोजी आणि लवचीक पट्टीने ते जोडून टाकी.

"काका, गल्ली अडवायची गरजच नाही," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "शेंडा लांब असला तरी आकड्यात येतो."

"छत्तीस गुणही आकड्यातच जुळतात, पोरी. पुढचं पुढे कळतं."

शेडमध्ये हशा पिकला. नयनाही हसली, आणि हेच हंबीररावांना अधिक लागले असावे. त्या हिवाळ्यातल्या डायऱ्यांत दुसरा विषय नाही. 'आज तिने पाऊण तासात आखले.' 'माणेकभाईंनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. मला सव्वीस वर्षांत स्टूल.' माणेकभाई म्हणजे शेडचे गुजराती मालक.

"एवढ्याशा मुलीवर किती जळायचं?" विजयमालाबाई विचारत.

"जळत नाही. निरीक्षण करतो."

फेब्रुवारी १९९६ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या टाकीचे मोठे काम आले. निमुळत्या भागाचा आतला व्यास वर चोवीसशे मिलिमीटर, खाली एकवीसशे. उंची दोन हजार, पत्रा दहा मिलिमीटर जाडीचा. शेंडा सोळा मीटरवर येत होता. माणेकभाईंनी आखणी नयनाला दिली. "काका, आ वखते बेनने करवा दो," एवढेच ते म्हणाले. यावेळी ताईंना करू द्या. कोपऱ्यात तिने एकच ठिपका मारला.

संध्याकाळी हंबीररावांनी तिची आखणी टेपने मोजली. हे नयनाने लांबून पाहिले होते. चूक त्यांना तेव्हाच सापडली, याला पुरावा आहे. बारा फेब्रुवारीच्या पानावर स्पष्ट लिहिले आहे: 'आतलाच व्यास धरला. जाडी धरली नाही. घेर एकतीसने कमी.' पत्रा वाकवताना लांबी त्याच्या जाडीच्या मध्यावर मोजायची असते. नयनाला हे शिकवणारे कोणी भेटले नव्हते. कटिंग तेरा तारखेला झाले. मधल्या सोळा तासांत हंबीरराव याविषयी कोणाशीही एक शब्द बोलले नाहीत.

शंकू जोडून टाकीखाली उभा केला, तेव्हा त्याची कड टाकीच्या कडेपासून सगळीकडून पाच मिलिमीटर आत बसली. जोडणी नामंजूर झाली. पत्रा वाया गेला.

"चूक माझी आहे," नयना लगेच म्हणाली.

माणेकभाई तिच्याकडे न पाहता हंबीररावांकडे वळले. "काका, तुम्ही आखणीच्या संध्याकाळी टेप लावला होता ना?"

"लावला होता."

"मग?"

"मला कोणी विचारलं नाही."

विजयमालाबाईंना त्यांनी सांगितले ते निराळे: चूक आपल्याला शंकू उभा राहिल्यावरच दिसली. डायरी पाहता हे खरे मानता येत नाही.

"हवे पूछूं छुं," माणेकभाई म्हणाले. आता विचारतो. आखणी नयनाच करील. तिचा प्रत्येक आकडा काका तपासतील, खाली 'बरोबर' लिहून सही करतील, मगच कटिंग. ठिपका तिचाच राहील.

रजिस्टर तेव्हापासूनचे आहे. नऊ वर्षांत चारशे बारा नोंदी, आणि एक सोडून प्रत्येकीखाली हंबीररावांच्या वळणदार अक्षरात 'बरोबर'. जाडीची रीत तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना विचारून घेतली होती. तपासणी त्यांनी कधी आवरती घेतली नाही. खंडेराव मार्केटमध्ये भाजी निवडतानाही ते तिचे आकडे मनात पुन्हा करत, असे विजयमालाबाई सांगतात.

ऑगस्ट १९९९ मध्ये एकदाच 'बरोबर'ऐवजी 'चूक' आहे. शंकूची तिरपी बाजू धरायची तिथे सरळ उंची धरली गेली होती, आणि ती कटिंगपूर्वी दुरुस्त झाली. त्या संध्याकाळी घरी येऊन हंबीररावांनी ही हकीकत तीनदा सांगितली.

"आता तरी समाधान?" विजयमालाबाईंनी ताट वाढत विचारले.

हंबीररावांनी ताट पुढे ओढले. मग म्हणाले, "इतकी साधी चूक ती करणार नाही. मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम केली असेल."

नयनाबाईंना हे विचारले असता त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पुढच्या नोंदीपासून हंबीररावांनी प्रत्येक आकडा दोनदा तपासल्याच्या खुणा आहेत.