उजव्या हाताचा निरोप

निरोप द्यावा तर आमच्या शेजारच्या काकांनीच. बाकीचे लोक नुसता हात हलवतात. भिवंडीत सारा जन्म लूमवर काढलेला हा माणूस, गल्लीतलं कुणीही परगावी निघालं की नाक्यावर हजर. उजवा हात कानाला चिकटवून सरळ वर करायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच धरायचा. "मधीच हात खाली आला तर मानूस परत येत न्हाय," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा वळणावर ट्रक अडकला आणि गणेशपुरीची एसटी पाऊण तास हलली नाही. काकांचा हातही हलला नाही. शेवटी कंडक्टरने उतरून त्यांना पाणी पाजलं.

मग खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. काकांनी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांत इतक्या डुबक्या मारल्या की काकू म्हणाल्या, "आता नुसतं मीठ टाकायचं बाकी हाय." डॉक्टरांनी निदान केलं, हाडाखाली घासून घासून स्नायूचा पट्टा फाटलाय, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "निरोप देतो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

दोन वर्षं ऑपरेशन टाळणारे काका एका दिवसात तयार झाले, ते मला नागपूरला नोकरी लागली तेव्हा. "पोरी, तू सहा महिन्यांनी जानार ना? तवर जातो हात वर." हाड घासलं, पट्टा शिवला, हात झोळीत अडकला. आणि कंपनीने मला महिन्याभरातच बोलावलं!

निघताना काका नाक्यावर आलेच. झोळी सोडायला लागले तशा काकू ओरडल्या, "अहो, टाके तुटतील!"

"काका, डावा करा," मी म्हटलं.

"डावा चालत न्हाय." त्यांचे डोळे भरून आले होते.

तेव्हा जन्मभर या खुळाची थट्टा करणाऱ्या काकूंनी पदर खोचला आणि स्वतःचा उजवा हात वर केला. काका डाव्या हाताने त्यांच्या कोपराला आधार देत उभे राहिले. रिक्षा वळेपर्यंत मी मागेच बघत होते.

पुढे जखम भरली आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू झाला. बोटं पोचतील तिथं पेन्सिलीची रेघ. दर रविवारी फोनवर मला उंची कळायची, "कडीच्या वर गेला", "घड्याळाला लागला". परवा म्हणाले, "हात पुरा वर जातो आता. पोरी, नीट निरोप घ्यायला तरी ये."

इथे मी निघते तेव्हा कुणी दारापर्यंतही येत नाही. त्या नाक्याची फार आठवण येते. रजेचा अर्ज टाकलाय, अजून मंजूर व्हायचाय. काकू सांगत होत्या, काका तोवर कुणालाच निरोप देत नाहीत; बरा झालेला हात त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलाय.